मात शोधणारे संगणक: स्टॉकफिश, लीला आणि पॉपआय यांची परीक्षा

बुद्धिबळाच्या वर्गात मुलांना द्यायची कोडी आधी संगणकाकडून तपासून घेण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे आणि ती योग्यच आहे. ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’ असे छापून वाटलेल्या स्थितीत एखाद्या चुणचुणीत मुलीने दोनच चालींत मात करून दाखवली, किंवा पहिली चाल दुसरीच खेळूनही तीनच चालींत मात होते हे लक्षात आणून दिले, तर कोडे बाद होते आणि शिकवणाऱ्याची पंचाईत होते. हे तपासणीचे काम कोणत्या प्रोग्रॅमवर सोपवावे, या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने तीन प्रोग्रॅम इथे तपासले आहेत: स्टॉकफिश, लीला चेस झिरो आणि पॉपआय. तिन्ही मोफत मिळतात, तिन्ही साध्या घरगुती संगणकावर चालतात (लीलाला चांगले ग्राफिक कार्ड असल्यास ती खऱ्या अर्थाने चालते, नाहीतर रांगते), आणि तिघांची विचार करण्याची रीत एकमेकांपासून पूर्णपणे वेगळी आहे. त्यामुळे ‘सर्वांत वेगवान कोण’ या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर देणारी परीक्षणे मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत.

कारण ‘मात सापडली’ या दोन शब्दांत प्रत्यक्षात तीन निरनिराळे दावे दडलेले असतात. पहिला दावा असा की या स्थितीत मात अटळ आहे आणि तिच्याकडे नेणारी एक वाट मला दिसली आहे. दुसरा असा की मला दिसलेली वाट सर्वांत जवळची आहे. तिसरा, आणि कोडे छापणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, असा की याहून जवळची किंवा तितक्याच लांबीची दुसरी वाट नाही हे मी सर्व शक्यता तपासून ठरवले आहे. डाव खेळणाऱ्या माणसाला पहिला दावा पुरतो. समोरचा राजा नऊ चालींत पडला काय आणि सात चालींत पडला काय, गुण एकच मिळतो. कोडे रचणाऱ्याचे मात्र तिसऱ्या दाव्यावाचून भागत नाही, आणि स्टॉपवॉच हातात घेऊन बसलेला परीक्षक बहुधा या तिन्ही दाव्यांना एकाच मापाने मोजतो.

संगणक आणि मात यांचे नाते किती जुने आहे हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. डायट्रिख प्रिन्झ यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये मँचेस्टरच्या फेरांती मार्क १ या संगणकावर जो बुद्धिबळाचा प्रोग्रॅम चालवला, त्याला पूर्ण डाव खेळताच येत नव्हता. दोन चालींतली मात शोधणे एवढेच त्याचे काम होते, आणि त्यासाठी त्याला सुमारे १५ मिनिटे लागली. कॅसलिंग नाही, प्याद्याची बढती नाही, पण दाव्यापुरते पाहिले तर तो तिसऱ्या प्रकारात मोडत होता, कारण तो प्रत्येक शक्यता खरोखरच तपासत होता.

चाचणी कशी घ्यावी याबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण आकडे फसतात ते इथेच. इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, एकदा तपासलेली स्थिती त्याच्या हॅश तक्त्यात लक्षात राहते, त्यामुळे तक्ता रिकामा न करता तीच स्थिती पुन्हा दिली तर उत्तर क्षणात येते आणि ‘दुसऱ्या वेळी कमालच झाली’ असा गैरसमज होतो. प्रोसेसरचे अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, एकाच वेळी वापरले तर स्टॉकफिशचा शोध दर वेळी थोड्या निराळ्या क्रमाने होतो आणि त्याच स्थितीला लागणारा वेळ प्रत्येक खेपेला बदलतो. कधी हा फरक दुपटीतिपटीचाही असतो. लॅपटॉप तापला की वेग उतरतो ते वेगळेच. म्हणून सेकंदांऐवजी तपासलेल्या स्थितींची संख्या, म्हणजे ज्याला सगळे ‘नोड’ म्हणतात ती, मोजावी आणि थ्रेड एकच ठेवावा. स्टॉकफिशच्या मात शोधण्याच्या क्षमतेवर नियमित नजर ठेवणारे लोक हेच करतात: साडेसहा हजारांहून अधिक कोड्यांचा एक ठरलेला संच प्रत्येक आवृत्तीला ठरावीक नोडांच्या मर्यादेत सोडवायला देतात आणि ‘मात सापडलेली कोडी’ व ‘सर्वांत छोटी मात सापडलेली कोडी’ असे दोन आकडे वेगवेगळे मांडतात. हा संच मुळात हायनर मार्क्सेन यांच्या ‘चेस्ट’ या मात सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या परिवारातून आलेला आहे. दोन आकडे वेगळे ठेवण्याची ही शिस्त मला फार पटते, आणि खेळातली ताकद वाढली म्हणून मात शोधण्याचा वेग वाढतोच असे नाही, हेही त्यातून दिसते.

आता प्रत्यक्ष स्थितींकडे वळू. घोड्याने कोंडलेल्या राजाला दिलेली मात, म्हणजे वजिराचा शह, घोड्याचा दुहेरी शह, मग वजिराचा जी८वर बळी आणि शेवटी एफ७वरून घोड्याची मात, ही पाच चालींची परिचित मालिका तिन्ही प्रोग्रॅमना द्यावी असा मोह होतो. द्यायला हरकत नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक चाल शह असल्यामुळे काळ्याकडे प्रत्युत्तरे एक-दोनच उरतात, शोधाचे झाड अरुंद राहते आणि तिघेही पाहता पाहता उत्तर देतात. बळी दिलेला वजीर पाहून माणूस चकित होतो. यंत्राला त्यात नवल काहीच नसते.

खरी परीक्षा शांत चालीने सुरू होणाऱ्या मातेत असते. अमेरिकन कोडेकार सॅम लॉइड यांचे १८६१ मध्ये छापले गेलेले ‘एक्सेल्सियर’ हे पाच चालींचे कोडे यासाठी उत्तम आहे. पांढऱ्याचा राजा एच५वर, हत्ती बी५ आणि ई२वर, घोडे ए१ आणि एच३वर, प्यादी बी२, सी२ आणि जी३वर. काळ्याचा राजा एच१वर, हत्ती सी८वर, उंट डी८वर, घोडा ए८वर, आणि प्यादी ए३, बी६, बी७, ई३, एफ७ आणि एच७वर. लॉइड यांनी एका मित्राशी जेवणाची पैज लावली होती: मुख्य उकलीत मात न देणारे मोहरे दाखवायचे. मित्राने बी२वरच्या प्याद्यावर बोट ठेवले. उकल अशी (× म्हणजे मोहरे मारणे): १. बी४ (हत्ती डी५ किंवा एफ५वर नेऊन पहिल्या रांगेत मात देण्याची धमकी) हत्ती सी५ शह, २. बी×सी५ ए२, ३. सी६ उंट सी७, ४. सी×बी७, आणि काळ्याने काहीही खेळले तरी ५. बी×ए८ वजीर मात. पटावरचे सर्वांत निरुपद्रवी प्यादे पाच चालींत बी२पासून ए८पर्यंत चालत जाते आणि मात तेच देते.

पहिल्या चालीचा हेतू इंजिनाच्या नजरेतून पाहिला तर गंमत कळते. हत्ती लगेच डी५वर नेला तर काळा हत्ती सी५वर येऊन त्याला राजासमोर पिन करतो, म्हणजे तो हलला तर स्वतःच्याच राजाला शह बसेल असा जखडून ठेवतो. बी४ या चालीने सी५ हे घर आधीच रोखले जाते. या चालीत शह नाही, मारामारी नाही, आणि प्याद्याच्या एका साध्या पावलात काही दडले आहे असे वरवर पाहून मुळीच वाटत नाही. स्टॉकफिशसारखे इंजिन चालींची यादी आधी क्रमाने लावते, आणि यादीत मागे पडलेल्या शांत चाली कमी खोलीपर्यंतच, म्हणजे पुढच्या थोड्याच चालींपर्यंत, तपासते. अन्यथा त्याला इतके खोल जाताच आले नसते. तरीही आजच्या स्टॉकफिशला हे कोडे सेकंदाच्या आत सुटते, कारण एका फेरीत दुर्लक्षिलेली चाल पुढच्या, अधिक खोल फेरीत पुन्हा चाळणीखाली येते. मात्र पडद्यावर सुरुवातीला अनेकदा नुसता मोठा गुणांक, म्हणजे कोणाची बाजू किती वरचढ आहे हे सांगणारा आकडा, दिसतो, मग लांबची मात, आणि नंतर तो आकडा खाली येत पाचावर स्थिरावतो. हा घसरता आकडा नीट वाचता आला पाहिजे.

स्टॉकफिशने ‘मात ९’ दाखवले तर त्याचा अर्थ ‘नऊ किंवा त्याहून कमी चालींत मात नक्की’ असा घ्यावा. पहिल्या दाव्याबाबत त्याचा शब्द जवळपास पक्का असतो, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे: बचाव करणाऱ्या बाजूची आतापर्यंतची प्रत्येक चाल मातेकडेच जात असेल, तेव्हा उरलेल्या चाली छाटून टाकण्याची मुभा तो स्वतःला देत नाही; सर्व प्रत्युत्तरे पाहतो. हल्ला करणाऱ्या बाजूच्या चाली मात्र तो बिनदिक्कत छाटतो, आणि त्या छाटणीत सात चालींची मात निसटू शकते. म्हणजे मात आहे यावर विश्वास ठेवावा, ती सर्वांत छोटी आहे यावर ठेवू नये. यूसीआय, म्हणजे इंजिनाशी बोलण्याच्या ठरलेल्या भाषेतल्या, आज्ञांमध्ये ‘गो मेट’ आणि पुढे आकडा अशी एक आज्ञा आहे, तिचाही पुष्कळांना भ्रम असतो. ती छाटणी थांबवत नाही, दिलेल्या चालींत किंवा त्याआधी मात सापडली की शोध थांबवते, एवढेच. त्यातही बहुतेक इंटरफेसमध्ये या आज्ञेसाठी बटणच नसते आणि ती हाताने टंकावी लागते.

इथे पॉपआय कामाला येतो. हा प्रोग्रॅम डाव खेळत नाही, गुणांक देत नाही, त्याचे स्थितीबद्दल काही मतच नसते. ‘पाच चालींत मात’ असे सांगितले की तो कायदेशीर चाली पद्धतशीरपणे तपासतो आणि शेवटी सर्व उकली छापतो. एकच उकल असेल तर एकच, दोन असतील तर दोन्ही. कोडे रचणाऱ्यांना ज्याची धास्ती असते ती अनपेक्षित दुसरी उकल शोधण्यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. ‘व्हेरिएशन’ हा पर्याय चालू केला की काळ्याच्या प्रत्येक बचावाची पुढची वाट मिळते, आणि ‘ट्राय’ चालू केला की जवळपास यशस्वी होणाऱ्या पण एकाच बचावाने फसणाऱ्या पहिल्या चालीही त्या बचावासह मिळतात. वर्गात शिकवताना उकलीपेक्षा या फसणाऱ्या चालींचाच अधिक उपयोग होतो, कारण मुले नेमक्या त्याच खेळतात. स्वतःलाच मात करवून घेण्याची किंवा दोन्ही बाजूंनी मिळून मात घडवण्याची कोडीही तो सोडवतो, जे स्टॉकफिशला मुळात विचारताच येत नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. सरासरी ३५ चाली उपलब्ध असल्या तर तीन चालींच्या मातेसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून पाच अर्धचालींसाठी, सुमारे सव्वापाच कोटी मार्ग होतात. चार चालींसाठी हा आकडा ६४ अब्जांवर जातो. पॉपआय प्रत्यक्षात यातला मोठा भाग वाचवतो, कारण पांढऱ्याची एखादी चाल बाद करायला काळ्याचा एकच चांगला बचाव पुरतो, पण वाढीचा चढ तसाच राहतो. दोन-तीन चालींची कोडी तो चटकन उरकतो, गर्दीच्या पटावर चार चालींना रेंगाळतो, आणि पाच-सहा चालींसाठी त्याला कामाला लावून आपण दुसरे काहीतरी करावे हे बरे. ‘एक्सेल्सियर’ त्याने सोडवले, पण स्टॉकफिशच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळ घेऊन. शेवटी मात्र ‘बी४ आणि फक्त बी४’ असे शिक्कामोर्तब करून दिले.

पॉपआयची खरी अडचण त्याच्या दाराशीच आहे. पट समोर दिसत नाही. एका मजकुराच्या फाइलीत मोहरे आणि घरे लिहून द्यावी लागतात, सूचनांची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन असते, आणि इंग्रजीत घोड्यासाठी नेहमीच्या ‘एन’ऐवजी ‘एस’ हे अक्षर लागते. एक घर चुकले की तो मुकाट्याने भलतेच कोडे सोडवून देतो. वर्ग चालवणाऱ्या पण संगणकाशी फारशी जवळीक नसलेल्या ज्येष्ठ मंडळींना हे शिकवणे जिकिरीचे जाते, आणि त्यांचा कंटाळा मला समजतो.

आता ज्या स्थितीने तिघांचाही कस लागतो तिच्याकडे येऊ. डच रचनाकार गेइस फान ब्रॉयकेलेन यांची ही रचना ‘प्लास्केटचे कोडे’ म्हणून ओळखली जाते, कारण १९८७ मध्ये ब्रसेल्सच्या स्पर्धेत इंग्लिश खेळाडू जेम्स प्लास्केट यांनी ती जमलेल्या ग्रँडमास्टरांपुढे मांडली. ती सुटली माजी जगज्जेते मिखाइल ताल यांना, तेही बागेत फेरफटका मारून आल्यावर. पांढऱ्याचा राजा डी६, उंट डी१, घोडा जी४, प्यादी डी७ आणि जी३. काळ्याचा राजा एच७, उंट बी४, घोडे ए६ आणि जी५, प्यादी सी३, सी५, ई३ आणि एच६. सुरुवात अशी होते: १. घोडा एफ६ शह राजा जी७, २. घोडा एच५ शह राजा जी६, ३. उंट सी२ शह राजा×एच५, ४. डी८ वजीर घोडा एफ७ शह, ५. राजा ई६ घोडा×डी८ शह, आणि मग ६. राजा एफ५.

या क्षणी पट पाहावा. पांढऱ्याकडे उरला आहे एक उंट आणि एक प्यादे. काळ्याकडे दोन घोडे, एक उंट आणि चार प्यादी, त्यांतले एक बढतीच्या उंबरठ्यावर. मोहऱ्यांचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही यंत्राला पांढऱ्याने डाव सोडून द्यावा असेच वाटेल. पण काळा राजा एच५वर जखडला आहे: जी४, जी५ आणि जी६ ही घरे पांढऱ्या राजाने रोखली आहेत, एच४ जी३वरच्या प्याद्याने, आणि एच६वर काळ्याचे स्वतःचेच प्यादे बसले आहे. पांढऱ्या उंटाला डी१ ते एच५ किंवा ई८ ते एच५ या दोनपैकी एका तिरक्या रेषेवर सुरक्षित शह मिळाला की खेळ संपला. म्हणून ६. ... ई२ ७. उंट ई४ (एफ३वर मातेची धमकी) ई१ घोडा, ८. उंट डी५ सी२ ९. उंट सी४ सी१ घोडा, १०. उंट बी५ घोडा सी७ ११. उंट ए४, आणि डी१वरच्या शहाला आता कायमचे उत्तर उरत नाही. काळ्याला दोनदा वजीर मिळवण्याऐवजी घोडा करावा लागतो, कारण वजिराने मात अडत नाही, घोड्याने ती तात्पुरती तरी अडते.

इंजिनांची अडचण इथे उघड होते. सहाव्या चालीनंतर पांढऱ्याची प्रत्येक चाल शांत आहे, शह नाही, मोहऱ्यांची तूट प्रचंड आहे. छाटणीचे सगळे नियम ‘इथे वेळ घालवू नको’ असेच सांगतात. स्टॉकफिश सुरुवातीला बराच वेळ काळ्याच्या बाजूचा गुणांक दाखवत राहतो, पण शोध सोडत नाही, आणि पुरेशी खोली गाठली की एकदम उलटून पांढऱ्याचा विजय जाहीर करतो. ‘एक्सेल्सियर’ला लागलेल्या वेळाच्या तुलनेत हा वेळ अवाढव्य असतो, पण तो सोडवतो, ही मोठी गोष्ट आहे. लीलाचे मात्र इथे जमत नाही. तिचे न्यूरल जाळे प्रत्येक चालीला आधी एक संभाव्यता देते आणि शोध त्या संभाव्यतांच्या मागे जातो. वजीर गमावून उंटाने शांतपणे फिरण्याच्या चालींना जाळे इतकी कमी संभाव्यता देते की शोध त्या वाटेला फिरकतच नाही. डावातली स्थिती समजण्यात लीला अप्रतिम आहे, संथ स्थितीत तिचा सल्ला मी स्टॉकफिशच्या बरोबरीने मानतो, पण मात शोधण्याचे काम तिच्याकडे देणे म्हणजे चुकीच्या माणसाकडे योग्य प्रश्न घेऊन जाणे आहे. पॉपआयला तर ही स्थिती देऊच नये. इतक्या लांब मातेसाठी सर्व शक्यता तपासणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मोहरे कमी उरले की हिशेब पालटतो. रोनाल्ड डे मान यांनी २०१३ मध्ये आणलेले सिझिजी टेबलबेस, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल, जोडले तर पाच मोहऱ्यांपर्यंतच्या साऱ्या स्थितींचा निकाल सुमारे १ जीबीत मिळतो, सहासाठी १५० जीबीच्या आसपास जागा लागते आणि सातसाठी सुमारे १७ टीबी. पण मातेच्या चाचणीत सिझिजी चालू ठेवणे मी टाळतो. त्यात मातेचे अंतर नोंदवलेलेच नसते. मारामारी किंवा प्याद्याची चाल किती चालींवर आहे तेवढेच नोंदवलेले असते, कारण ५० चालींच्या नियमासाठी (या दोन्हींशिवाय ५० चाली गेल्या तर डाव बरोबरीत) तेच महत्त्वाचे. परिणामी इंजिन ‘मात १४’ असे म्हणण्याऐवजी दोनशेच्या आसपासचा एक ढोबळ विजयी गुणांक दाखवून मोकळे होते, आणि चाचणीत ते ‘मात सापडली नाही’ असे नोंदले जाते. मातेचे खरे अंतर हवे असेल तर जुने नालिमोव्ह किंवा मॉस्को विद्यापीठाच्या संगणकावर २०१२ मध्ये तयार झालेले लोमोनोसोव्ह टेबलबेस पाहावे लागतात. सात मोहऱ्यांच्या स्थितीत ५४९ चालींची मात आहे हे लोमोनोसोव्हमधूनच कळले. ती एकेक चाल पुढे तपासत शोधणे यातल्या कोणत्याही इंजिनाला शक्य नाही.

मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये स्टॉकफिश वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथे स्मृती कमी असते आणि शोध ठरावीक खोलीवर थांबवलेला असू शकतो. तीन-चार चालींच्या कोड्यांना ते पुरते, प्लास्केटच्या कोड्यासारख्या स्थितीत तिथला निकाल गृहीत धरू नये. माझ्या कामाची घडी आता अशी बसली आहे की स्थिती आधी स्टॉकफिशला एकाच थ्रेडवर द्यायची, एकाच वेळी तीन पर्यायी चाली दाखवायला सांगायच्या म्हणजे दुसरी उकल असल्यास तिची चाहूल तिथेच लागते, आणि चार चालींपर्यंतचे कोडे छापायला जाण्यापूर्वी पॉपआयच्या हवाली करायचे. पाच चालींचे किंवा त्याहून लांब कोडे पॉपआयला झेपले नाही तर ‘इतक्या चालींत मात’ असे न छापता ‘पांढरा जिंकतो’ एवढेच छापतो. पॉपआयच्या विकासकांनी पटावर मोहरे ओढून स्थिती मांडण्याची साधी सोय सोबत दिली, तर यातला अर्धा वेळ वाचेल.